साध्या तिकिटावरची चांगली जागा

मा. रेल्वेमंत्री, भारत सरकार,
रेल भवन, नवी दिल्ली यांस,



१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडच्या स्थानकातून अहिल्यानगरकडे प्रवासी गाडी सुटली. १९९५ साली मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठी आमच्या जिल्ह्यानं तीस वर्षं वाट पाहिली. केशरकाकू क्षीरसागर, गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी त्याचा पाठपुरावा केला, गावोगावच्या लोकांनी मोर्चे काढले, निवेदनं दिली. नारायणडोह, सोलापूरवाडी, आष्टी, अंमळनेर असे टप्पे घेत गाडी बीडला आली. आता पुढची गावं आमची आहेत. वडवणी, सिरसाळा आणि मग परळी.

या मार्गाबद्दल आपल्याकडे येणारी बहुतेक पत्रं गाडीची वेळ, थांबे आणि पुण्या-मुंबईची थेट जोडणी यांबद्दल असतील. त्या मागण्या रास्तच आहेत. मी मात्र डब्याच्या आतल्या गोष्टीबद्दल लिहितो आहे. गाडीत माणूस बसतो कुठे, उभा राहतो कुठे, त्याला बाहेरचं काय दिसतं आणि शेजारच्याशी बोलता येतं का, हे सगळं डबा ठरला की ठरून जातं. डबे एकदा मार्गाला लागले की पुढं कैक वर्षं तेच धावतात. म्हणून ही विनंती आत्ताच.

बीड जिल्ह्याला रेल्वे अगदीच नवी आहे असं नाही. परळी आणि घाटनांदूर ही जिल्ह्यातली जुनी स्थानकं. पण ती पूर्वेच्या टोकाला. वडवणीच्या माणसाला गाडी धरायची तर आधी एसटीनं परळी गाठायची, नाहीतर नगर, नाहीतर थेट संभाजीनगर. त्यामुळे आमच्या तालुक्यात आजही असे म्हातारे-म्हाताऱ्या आहेत, ज्यांनी गाडी पाहिली आहे पण गाडीत पाय ठेवलेला नाही. त्यांचा पहिला प्रवास ज्या डब्यातून होईल, तो कसा असावा याचा विचार त्यांच्या बाजूनं कुणीतरी करायला हवा.

सुरुवात खिडकीपासून करतो, कारण लहान पोरापासून पंचाहत्तरीच्या आजोबांपर्यंत सगळ्यांची पहिली पसंती तीच. फलाटावर गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी आत टाकून जागा धरायची रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे, आणि धरायची असते ती खिडकीच. जाणते प्रवासी त्यातही निवड करतात. चाकांवरची जागा हादरते, डब्याच्या मधली स्थिर राहते. कोळशाच्या इंजिनाच्या काळात इंजिनाकडे पाठ करून बसायचे, म्हणजे डोळ्यांत कण जात नसत. आता इंजिनाकडे तोंड करून बसणं लोकांना आवडतं. ऊन कुठल्या अंगाला येणार, याचाही हिशेब असतो. आमचा मार्ग बराचसा पूर्व–पश्चिम आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा वडवणीहून बीडकडे जाताना उजवी बाजू सावलीची आणि डावी उन्हाची. थंडीतल्या सकाळी म्हातारी माणसं मुद्दाम डावीकडे बसतील, तेवढंच अंग शेकून निघेल.

आणि त्या डाव्या खिडकीतून त्यांना बालाघाटचा डोंगर दिसेल. उजवीकडे गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरत गेलेलं शिवार. दसरा-दिवाळीत वेचणीला आलेला कापूस, पौष-माघात हुरड्याला आलेली ज्वारी, चैत्रात नांगरून ठेवलेली काळी रानं. बीड सोडलं की गाडी हळूहळू बालाघाटच्या पठारावर चढते आणि जमीन बदलते. काळी जाऊन मुरमाड येते, बागायत विरळ होते, माळ सुरू होतो. या जिल्ह्यातला पाऊस, दुष्काळ आणि स्थलांतर पुस्तकातून शिकवायला मास्तरांना तास लागतात. इथं मुलांना नीट दिसणारी एक खिडकी दिली तर त्यांना ते दोन तासांत कळेल.

पाहण्याला किंमत आहे, हे रेल्वेला चांगलं ठाऊक आहे. मुंबई–मडगाव जनशताब्दीला २०१७ साली काचेच्या छताचा विस्टाडोम डबा जोडला. २६ जून २०२१ पासून डेक्कन एक्सप्रेसला तसा डबा आला. त्यात ४४ खुर्च्या, आणि त्या हव्या त्या दिशेला फिरवता येतात. खंडाळ्याचा घाट, पावसाळ्यातले धबधबे पाहायला लोक त्या डब्याचं जादा भाडं आनंदानं देतात. ते डबे चालू राहोत. माझं म्हणणं एवढंच, की डोंगर पाहायची हौस वातानुकूलित तिकीट काढणाऱ्यालाच असते असं नाही. साध्या गाड्यांत किती खिडक्यांच्या काचा ओरखड्यांनी आणि धुळीनं आंधळ्या झालेल्या असतात! काही वर उचलल्या की खाली येत नाहीत, काही उघडतच नाहीत. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा साध्या डब्यातली न उघडणारी खिडकी हा नुसता गैरसोयीचा मामला राहत नाही, त्यानं माणसं आजारी पडतात.

आता दाराबद्दल. तरुण पोरांना गाडीत सगळ्यांत आवडणारी जागा दार आहे, हे आपण मान्य करायला हवं. तिथं वारा असतो, वळणावर आपलीच गाडी पुढं वळताना दिसते, आणि दोस्तांच्या गप्पांना तिथं जी मोकळीक असते ती आत बाकावर नसते. पण ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसं पडून मेली. ती वाऱ्यासाठी दारात उभी नव्हती, आत जागा नव्हती म्हणून होती. आमची पोरं उद्या हौसेनं दारात उभी राहतील आणि गर्दी वाढली की नाइलाजानं राहतील. पायदानावर उभं राहून प्रवास करणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५६ प्रमाणे गुन्हा आहे. वडवणीच्या शाळा-महाविद्यालयांतून हे सांगायचं काम आम्ही गावकरी करू. पण नुसत्या कायद्यानं दार रिकामं होत नाही. दाराचं सुख माणसाला आत मिळालं तर होतं. म्हणून आपोआप बंद होणारी दारं द्या, आणि त्या दारांना वरपासून खालपर्यंत मजबूत काच द्या. दाराशेजारच्या मोकळ्या जागेत धरायला दांडे द्या, वारा आत येईल अशी झडप द्या. पोरं आत उभी राहून बाहेरचं बघतील.

दाराजवळच्याच त्या मोकळ्या जागेवर आणखी काही लोकांचा हक्क आहे. त्यांच्याबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर या भागांतून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात पाच-सहा महिने राहायचं आणि साखर कारखान्यांचा पट्टा पडला की परतायचं. टोळ्या ट्रकनं आणि ट्रॅक्टरनं जातात, कारण मुकादम त्यांना थेट फडावर नेतो. पुढंही बहुधा तसंच चालेल. पण हंगामाच्या मधल्या काळात या माणसांना गावाकडे यावं लागतं. कुणाची आई आजारी पडते, कुणाच्या घरी सोयरीक ठरते, कुणाला मतदानाला यायचं असतं. गावात आजी-आजोबांजवळ ठेवलेली लेकरं आईबापांना भेटायला जातात. हा सगळा प्रवास आज एसटी बदलत, वडापमध्ये दाटीवाटीनं बसत होतो. उद्या तो नगरपर्यंत गाडीनं होईल. या माणसांबरोबर बोचकं असतं, पत्र्याची पेटी असते, तान्हं मूल असतं. त्यांची गाडीतली जागा ठरलेली आहे. दाराजवळची फरशी. बाकावर जागा रिकामी असली तरी पुष्कळदा ती माणसं तिथंच टेकतात, कारण सामान नजरेसमोर राहतं आणि आपल्या मळक्या कपड्यांवरून कुणी बोलत नाही.

हे दुसरं कारण मला अस्वस्थ करतं. जिथं सामान आहे तिथंच बसायची नीट सोय असेल, तर जमिनीवर बसायची वेळ कुणावर येणार नाही. डब्याच्या दोन्ही टोकांना मोठं सामान ठेवायला जागा आणि तिथंच भिंतीला दुमडणारी आसनं, इतकी साधी ही मागणी आहे. सीताफळाच्या दिवसांत त्याच जागेवर पाट्या आणि क्रेट येतील. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, त्याला लवकर बाजार गाठावा लागतो. दोन पाट्या घेऊन नगरला जाणाऱ्या बाईला टेम्पो परवडत नाही, गाडी परवडेल. आषाढी-कार्तिकीला इथंच टाळ, मृदंग आणि पताका टेकतील. वारकऱ्यांना रेल्वेची सवय जुनी आहे. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली, तेव्हापासून वाटेवरच्या गाड्यांत भजनं झाली आहेत. भजनाला बसायला बाक लागत नाही, फरशी लागते. ती स्वच्छ हवी.

आता बाकांबद्दल. नव्या गाड्यांतून एकामागं एक खुर्च्यांच्या रांगा आल्या आहेत. समोरच्याची पाठ बघत दोन तास जायचे, आणि पुष्कळांना ते आवडतंही. माझा आग्रह समोरासमोरच्या बाकांसाठी आहे. आपल्याकडच्या प्रवासात सगळ्यांत मोलाची जागा मला विचाराल तर समोरासमोरच्या दोन बाकांमधली आहे. तिथं डबे उघडतात, भाकरी-ठेचा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. ‘कुठलं गाव?’ या प्रश्नापासून सुरू झालेलं बोलणं पोराच्या नोकरीपर्यंत, गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत, कापसाच्या भावापर्यंत जातं. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. त्याला अर्धीच जागा मिळते, तरी ‘सरका जरा’ म्हटलं की बाकीचे तिघे सरकतात. ते कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. परळीच्या फलाटावर काकीनाड्याहून शिर्डीला निघालेले तेलुगू भाविक भेटतात. त्यांच्या समोरच्या बाकावर बसून मराठवाड्यातल्या माणसांनी हिंदी-तेलुगू-मराठीची मिसळ करत साईबाबांच्या आणि वैजनाथाच्या गोष्टी केलेल्या आहेत. एरवी ज्यांच्या घराचा उंबरा आपण कधी ओलांडणार नाही, अशी वेगवेगळ्या जातींची, धर्मांची, प्रांतांची माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसतात. आमच्या जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत जातीजातींत जे अंतर पडलं आहे, ते पाहता मला अशा बाकांची गरज फार वाटते.

बायकांच्या डब्याबद्दल वेगळं सांगायला हवं. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेनं चर्चगेट–बोरिवली मार्गावर पूर्ण महिलांची लोकल सुरू केली. मुंबईतल्या महिला डब्यांत बायका भाजी निवडतात, हळदीकुंकू करतात, नवरात्रात भोंडल्याची गाणी म्हणतात. घर आणि कचेरी यांच्यामधली तेवढीच वेळ त्यांची स्वतःची असते. वडवणीहून बीडला महाविद्यालयात जाणाऱ्या मुली, नर्सिंगला जाणाऱ्या मुली, जिल्हा रुग्णालयात जाणाऱ्या बाया यांच्यासाठी रोजच्या गाडीत बायकांची राखीव जागा हवी, आणि ती टोकाच्या अंधाऱ्या अर्ध्या डब्यात नको. मधल्या डब्यात द्या, भरपूर उजेड द्या. मुलगी संध्याकाळच्या गाडीनं निर्धास्त परतू शकते असं आईबापांना वाटलं, तर तिचं शिक्षण बारावीला थांबणार नाही. आमच्याकडे किती तरी मुलींचं पुढचं शिक्षण आणि लग्नाचं वय या एका गोष्टीवर ठरतं.

गाडीत कुणालाच नको असलेली जागाही सांगतो. संडासाशेजारचा बाक. तो नकोसा होतो तो पाणी नसल्यामुळे, कडी नसल्यामुळे आणि स्वच्छता नसल्यामुळे. याचा परिणाम दुर्गंधीवर थांबत नाही. आमच्या बाया प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं टाळतात. मधुमेहाचे म्हातारे घरीच राहणं पसंत करतात. प्रत्येक फेरीच्या टोकाला पाणी भरणं आणि साफसफाई झाली, तर डब्यातले ते शेवटचे बाकही बसण्याजोगे होतील.

महोदय, साध्या डब्यासाठी पत्र लिहिणारा मी पहिला नाही. १९१७ साली गांधीजींनी मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गानं प्रवास केला आणि नंतर रांचीहून वृत्तपत्रांना पत्र लिहिलं. २२ माणसांच्या डब्यात बराच वेळ ३५ माणसं होती, काही घाणीत आडवी झाली होती, काही उभी होती, असं त्यांनी नोंदवलं. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण लाकडी फळ्या राहिल्या. त्या बदलल्या मधू दंडवत्यांनी. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंची फोम बसवायला लावला. पहिल्या वर्गाचं काही काढून घ्यायचं नाही, दुसऱ्या वर्गाला वर आणायचं, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ला त्यांनी मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, वर्गभेद नसलेली गाडी म्हणून. त्या दोन इंचांनी कोट्यवधी माणसांची पाठ वाचवली. पुढं आलेल्या कुठल्याही मंत्र्याला तो फोम काढता आला नाही. आणि हे दंडवते जन्मले अहमदनगरला, म्हणजे आमचा मार्ग जिथून सुरू होतो त्या गावात.

त्यांचं उदाहरण मी आपल्यापुढं ठेवतो, कारण आज रेल्वेकडे त्यांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त साधनं आहेत. वंदे भारत महाराष्ट्रात मुंबई–सोलापूर आणि मुंबई–शिर्डी मार्गांवर १० फेब्रुवारी २०२३ पासून धावते आहे. ३० डिसेंबर २०२३ला वातानुकूलन नसलेली अमृत भारत गाडी सुरू झाली. साधा डबाही नव्या पद्धतीचा असू शकतो, हे रेल्वेनं स्वतःच दाखवून दिलं आहे. तेच तत्त्व आमच्या मार्गावर लावा. गाडीतली सर्वांत चांगली जागा सर्वांत स्वस्त तिकिटावर मिळाली पाहिजे, असं धोरण एखाद्या मार्गावर आखून पाहायचं असेल, तर त्यासाठी अहिल्यानगर–परळीइतका योग्य मार्ग नाही. तो अजून पुरा व्हायचा आहे, त्याच्या सवयी अजून पडायच्या आहेत, आणि त्यावरचे बहुतेक प्रवासी साधंच तिकीट काढणार आहेत.

म्हणून या मार्गावरच्या रोजच्या गाड्यांसाठी आमच्या मागण्या अशा:

१. सर्व डबे अनारक्षित, समोरासमोर बाकांचे. खिडक्यांना पारदर्शक, वर-खाली होणारी काच, आणि ती नियमित पुसली जाणं.

२. आपोआप बंद होणारी, लांब काचेची, हवा येऊ देणारी दारं. दाराजवळ उभं राहण्यासाठी दांडे.

३. प्रत्येक डब्याच्या टोकाला सामानाची जागा आणि दुमडती आसनं.

४. महिलांसाठी गाडीच्या मध्यभागी राखीव डबा. वृद्ध आणि दिव्यांग यांच्यासाठी दाराजवळचे ठरावीक बाक.

५. वडवणीसह सर्व नव्या स्थानकांवर उंच फलाट. रेल्वेच्या मापानं तो रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर उंच असतो. सखल फलाटावरून लुगडं सावरत पायऱ्या चढणं आमच्या आज्यांना जमणार नाही, आणि चढताच आलं नाही तर खिडकीचा काय उपयोग?

६. प्रत्येक फेरीनंतर संडासांची सफाई आणि पाणी.

७. ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेत वडवणीच्या फलाटावर सीताफळ आणि सीताफळाच्या गरासाठी बचत गटांच्या बायकांना जागा. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावते आणि तिच्या डायनिंग कारमधली टेबलाजवळची जागा आजही पुणेकरांच्या आवडीची आहे. आमच्या गाडीला डायनिंग कार नको. खिडकीशी चांगला चहा आणि ताजं फळ मिळालं तरी आमच्या प्रवाशांचं भागेल.

शेवटी एक निमंत्रण. वडवणीपर्यंतच्या गाडीचं उद्घाटन होईल तेव्हा व्यासपीठ असेल, हार असतील, हिरवा झेंडा असेल. त्याच्या आधी किंवा नंतर एखाद्या कामाच्या दिवशी आपण अहिल्यानगरला साधं तिकीट काढून अनारक्षित डब्यात बसावं आणि वडवणीपर्यंत यावं. बरोबर डबे बनवणाऱ्या कारखान्याचे अभियंते असावेत. अर्धा वेळ खिडकीशी बसा, थोडा वेळ दाराशी उभे राहा, सामानाच्या कोपऱ्यातल्या माणसांशी बोला, बायकांच्या डब्यात काय हवं ते बायकांना विचारा. वडवणीला उतरलात की आम्ही आपलं स्वागत करू, आणि तिथंच फलाटावर बसून वरच्या सात मागण्यांपैकी कोणत्या, कधीपर्यंत पुऱ्या होतील, ते आपल्याकडून लिहून घेऊ.



आपला,
वडवणीचा एक प्रवासी